माजी सैनिकांसाठी स्वतंत्र उपचार-न्यायालय : आपल्याकडे काय करता येईल?

माढेकर (प्रश्न)

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीचा बराच काळ काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये गेला. गावी आल्यापासून त्यांना रात्रीची झोप नाही, फटाका वाजला तरी ते दचकतात आणि दारू वाढत गेली आहे. गेल्या उन्हाळ्यात ढाब्यावरच्या भांडणात त्यांनी एकाला काठीने मारले; त्या माणसाच्या डोक्याला टाके पडले आणि आता खटला चालू आहे. त्या माणसावर अन्याय झाला हे आम्ही नाकारत नाही. मात्र दाजींना नुसता तुरुंगवास झाला, तर बाहेर आल्यावर तेच पुन्हा घडेल, अशी बहिणीला भीती वाटते. अमेरिकेत अशा सैनिकांसाठी वेगळी न्यायालये आहेत असे वाचनात आले. ती नेमकी काय करतात, आणि सोलापूर जिल्ह्यात त्यातले काही शक्य आहे का?

वकील, सोलापूर

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी जानेवारी २००८मध्ये असे न्यायालय सुरू केले आणि पुढे त्याच नमुन्यावर अमेरिकेत शेकडो न्यायालये उभी राहिली. रसेल त्याआधी व्यसनाधीन आणि मनोरुग्ण आरोपींसाठीची न्यायालये चालवत होते. त्यांच्यासमोर व्हिएतनाम युद्धातला एक सैनिक येत असे, जो मान खाली घालून उभा राहायचा आणि उपचारांना काहीच प्रतिसाद देत नव्हता. न्यायालयाच्या कामाशी संबंधित दोन व्यक्ती स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेल्या होत्या. रसेल यांनी त्यांना त्याच्याशी बाहेर बोलायला सांगितले. थोड्या वेळाने तो माणूस आत आला तो ताठ उभा राहिला आणि अधिक प्रयत्न करीन असे न्यायाधीशांना म्हणाला. या न्यायालयाची कल्पना त्या प्रसंगातून आकाराला आली.

तिथे प्रवेश आरोपीच्या संमतीने होतो. सरकारी वकील, बचाव पक्षाचा वकील, न्यायाधीश आणि माजी सैनिकांच्या आरोग्य विभागाचा अधिकारी मिळून उपचारांचा आराखडा ठरवतात. आरोपीला सुरुवातीला वरचेवर, अनेक ठिकाणी दर पंधरवड्याला, त्याच न्यायाधीशांसमोर हजर राहावे लागते. लघवीची तपासणी पूर्वसूचना न देता होते. चुकल्यास छोट्या शिक्षा आणि नीट चालल्यास जाहीर शाबासकी, असा हा क्रम साधारण वर्ष-दीड वर्ष चालतो. तो पूर्ण करणाऱ्यावरील आरोप रद्द किंवा सौम्य होतो. जो मध्येच सोडतो त्याचा खटला नेहमीच्या वाटेने पुढे जातो. म्हणजे ही सवलत फुकटची नाही. कित्येकांना साधी शिक्षा भोगून मोकळे होणे याहून सोपे वाटते.

निवृत्त नायब सुभेदार, बार्शी

वकीलसाहेबांच्या माहितीतील बाहेर बोलायला पाठवलेले ते दोघे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. तिथे आता प्रत्येक आरोपीला एक माजी सैनिक मार्गदर्शक म्हणून देण्याची पद्धत आहे आणि तो हे काम विनावेतन करतो. आपला फौजी डॉक्टरला "सगळे ठीक आहे" एवढेच सांगेल, कारण मनाचा त्रास सांगणे म्हणजे कमजोरी, हे नोकरीत अंगात मुरलेले असते. पण तेच दुःख तो युनिटमधल्या माणसाला सांगतो. आपल्या तालुक्यांत माजी सैनिकांच्या संघटना आहेत. त्यांतील एखाद्या वडीलधाऱ्या सुभेदारसाहेबांनी दाजींची जबाबदारी घ्यावी, तारखेला सोबत जावे आणि औषधांवर लक्ष ठेवावे. याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. सैन्यातील लोकांसाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३मध्ये टेलि-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, स्वतंत्र कक्ष सुरू झाला आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. त्यावर मराठीतही बोलता येते.

समुपदेशक, होटगी रोड

मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. माढेकर, तुम्ही ढाब्यावरच्या मारहाणीबद्दल लिहिले. घरात काय घडते ते लिहिले नाही. कौटुंबिक हिंसेची प्रकरणे घ्यावीत की नाहीत यावर अमेरिकेतही मतभेद आहेत, आणि काही न्यायालये हिंसक गुन्हे घेतच नाहीत. युद्धाची जखम हे वागण्याचे कारण असू शकते, पण त्या कारणाची किंमत बायकोने मोजत राहावी असा त्याचा अर्थ होऊ नये. ताईंना एकट्या भेटून विचारा. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तो पतीच्या वकिलाहून वेगळा असावा.

वकील, सोलापूर

समुपदेशकांचे म्हणणे योग्य आहे. आता इथल्या कायद्याविषयी. आपल्याकडे असे वेगळे न्यायालय नाही, परंतु १९५८चा अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम आहे. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसेल, तर कलम ४ नुसार दोषी ठरलेल्या व्यक्तीला न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडू शकते. त्याच कलमाखाली परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते, आणि त्या आदेशात दारूपासून दूर राहण्याची अट घालता येते असे कायद्याच्या शब्दांतच आहे. कलम ५ नुसार जखमी माणसाला भरपाई देववता येते. ती या प्रकरणात द्यावी असे मला मनापासून वाटते.

अडचण अशी की सैनिकी नोकरीचा इतिहास न्यायाधीशांसमोर बहुधा जातच नाही. कोरियन युद्धात लढलेल्या जॉर्ज पोर्टर याच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये, शिक्षा ठरताना हा इतिहास न मांडणाऱ्या वकिलाची कामगिरी अपुरी ठरवली होती. म्हणून डिस्चार्ज बुक आणि नोकरीतील वैद्यकीय मंडळाची कागदपत्रे आतापासून जमवा. काही गहाळ असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवता येते. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आजच सुरू करा. शिक्षेच्या टप्प्यावर केलेल्या अर्जाला मागच्या अनेक महिन्यांच्या उपचारांची नोंद जोडलेली असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्यालाही अहवालात लिहायला काही ठोस हाती राहते.

माढेकर

सर्वांचा आभारी आहे. समुपदेशकांनी विचारलेला प्रश्न मी बहिणीला एकटीला भेटूनच विचारीन. डिस्चार्ज बुक घरी आहे. वैद्यकीय मंडळाच्या कागदांसाठी सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात जातो. नायब सुभेदार साहेब, माढा तालुक्यात कोणाशी बोलावे हे कृपया सांगावे.