विफ्रेदो लाम आणि उसाचे रान

विफ्रेदो लाम यांची ओळख प्रामुख्याने पिकासोच्या प्रभावाखालचे चित्रकार अशी करून दिली गेली आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे, असे मला वाटते. १९०२ मध्ये क्यूबातील साग्वा ला ग्रांदे या उसाच्या मुलखातील गावी त्यांचा जन्म झाला. वडील चिनी, तर आईकडून आफ्रिकी आणि स्पॅनिश वारसा लाभलेला. त्यांची धर्ममाता मांतोनिका विल्सन ही सांतेरिया या आफ्रो-क्यूबन पंथातील जाणती उपासक असल्यामुळे अंगात येणारी दैवते हा त्यांच्या बालपणाचा रोजचा परिसर होता. म्हणूनच पुढे पॅरिसमध्ये पिकासोच्या संग्रहात आफ्रिकी मुखवटे पाहताना त्यांची स्थिती युरोपीय चित्रकारांसारखी, म्हणजे दुकानात एखादी अपूर्व वस्तू सापडल्यासारखी, नव्हती.

१९२३ मध्ये स्पेनला आणि तिथून पुढे पॅरिसला गेलेले लाम महायुद्धामुळे १९४१ मध्ये मायदेशी परतले आणि १९४२-४३ मध्ये त्यांनी 'जंगल' हे चित्र रंगवले. शीर्षक फसवे आहे, कारण त्या दाट हिरव्या-निळ्या उभ्या रेषांमध्ये ऊस आहे, म्हणजे गुलामांच्या श्रमावर पोसलेले नगदी पीक. मुखवट्यांसारखे चेहरे असलेल्या आकृत्यांचे लांब पाय त्या कांड्यांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि उजव्या कोपऱ्यात वर एका हातात कात्री दिसते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हे चित्र १९४५ मध्येच विकत घेतले.