इंग्रजी साहित्यात ऑनर्स: तीन वर्षं की चार? मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने तयारी कशी करावी?

सांजवारा

नमस्कार मंडळी. भाचीला इंग्रजी साहित्य घेऊन ऑनर्स करायचं आहे. बारावी कला शाखा, मराठी माध्यम, तालुक्याचं गाव. विचारायचं ते असं: तीन वर्षांची डिग्री पुरते की चौथं वर्ष करावंच? पुणे-मुंबई बरं की दिल्ली? आणि ज्या मुलीने आजवर इंग्रजीचं फक्त पाठ्यपुस्तक वाचलंय तिने पहिल्या तासाला बसण्याआधी नेमकं काय करावं? ‘इंग्रजी पेपर वाचत जा’ हा सल्ला मिळून चुकला आहे, तो वगळून सांगावं.

तळटीप

आधी ‘ऑनर्स’ शब्दाचा घोळ निस्तरू, पालक इथेच फसतात. महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे, म्हणजे एनईपीप्रमाणे (स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून) तीन वर्षांनी बाहेर पडलं तर हातात नुसती बीए येते. ऑनर्स हा शब्द चौथ्या वर्षानंतर लागतो. सेमिस्टरला २२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) धरली की तीन वर्षांची १३२ आणि चार वर्षांची १७६.

चौथ्या वर्षाला दोन फाटे आहेत. साध्या ऑनर्समध्ये संशोधनपद्धतीचा ४ क्रेडिटचा पेपर आणि ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं. ‘ऑनर्स विथ रिसर्च’मध्ये ट्रेनिंगऐवजी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, आणि त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्के लागतात. पहिल्या वर्षी ‘बघू पुढे’ म्हणून घालवलेले गुण इथे आडवे येतात.

वर्षांचा हिशोब केला तर तीन अधिक दोन वर्षांचं एमए, किंवा चार अधिक एका वर्षाचं एमए, दोन्हीकडे पाचच. चौथ्या वर्षाचा खरा फायदा पीएचडीकडे जाणाऱ्याला: ७५ टक्के असतील तर चार वर्षांच्या पदवीवर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) आणि पीएचडीचा रस्ता खुला होतो. प्राध्यापकाच्या नोकरीला मात्र एमए लागतंच, हे कुणी ठळक सांगत नाही. बीएड किंवा स्पर्धा परीक्षा डोक्यात असतील तर तीन वर्षं पुष्कळ झाली.

प्रवेशाआधी विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा. इंग्रजीचं चौथं वर्ष इथे चालणार आहे का, आणि पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आहेत. मार्गदर्शकच नसतील तर ‘विथ रिसर्च’ विसरा. माहितीपत्रकातल्या ‘एनईपीनुसार’ या शब्दावर जाऊ नका. शिवाय इंग्रजी ‘मेजर’, म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळतंय याची खात्री करा. बऱ्याच ठिकाणी मेजर दुसऱ्या वर्षी ठरतो, आणि सगळ्यांना असणारं दोन क्रेडिटचं इंग्रजी म्हणजे साहित्य नव्हे. पत्रलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न, असला तो मामला असतो.

दिल्लीवाली

दिल्ली विद्यापीठात शब्दाचा अर्थ वेगळा. तिथे एकाच मुख्य विषयाच्या अभ्यासक्रमात सहा सेमिस्टर आणि १३२ क्रेडिट झाली की ऑनर्स मिळतं, चौथं वर्ष त्यापुढचं. दर सेमिस्टरला इंग्रजीचे ४-४ क्रेडिटचे तीन मुख्य पेपर असतात, त्यामुळे साहित्याचा डोस पहिल्या दिवसापासून जास्त.

प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर, बारावीच्या टक्क्यांवर नाही. दर विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते, म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र तिने मराठीतून द्यावं. भाषा म्हणून इंग्रजीचा पेपर मात्र इंग्रजीतच, आणि तो या अभ्यासक्रमाला सक्तीचा. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरावा लागतो. निकाल लागल्यावर जाग आली तर त्या वर्षीची गाडी चुकली.

लघुगुरू

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मराठी माध्यमाची मुलं व्याकरणात क्वचितच मार खातात. ती अडकतात तीन जागी: वाचनाचा वेग, छंद आणि उत्तर लिहिण्याची रीत.

वेग. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी सहज ४०० पानांची. सुरुवातीला तासाला दहा पानं होतात. रोज दीड तास बसलं तर पंधरा पानं, म्हणजे एक कादंबरी जवळपास महिना खाते. सेमिस्टरमध्ये अशा दोन आल्या की गाईडकडे हात जातो, आणि गाईड वाचून लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं, कारण शंभर वह्यांत तेच वाक्य असतं. म्हणून प्रवेशाआधीच्या दोन महिन्यांत एकच जाड कादंबरी पूर्ण करावी. पहिल्या वाचनात पानामागे तीनच शब्द शब्दकोशात बघायचे, बाकीचे संदर्भाने सोडायचे. प्रत्येक शब्द शोधत बसणारी मुलं चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटतात.

छंद. इथे मराठीचं ज्ञान आडवं येतं आणि उपयोगीही पडतं. आपल्या वृत्तात लघुगुरू ठरतं स्वराच्या लांबीवर आणि पुढच्या जोडाक्षरावर. इंग्रजीत ते ठरतं आघातावर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, स्पेलिंग तेच. आयॅम्बिक पेंटामीटर म्हणजे अवयवांच्या पाच जोड्या, दर जोडीत आधी हलका, मग जड. मुलं सवयीने मात्रा मोजतात आणि सगळी ओळ कोलमडते. उपाय साधा आहे. शब्दकोशात जड अवयवाच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते. कवितेच्या एका ओळीतले सगळे शब्द तसे तपासायचे, मग बोटाने टेबलावर ठोका देत ओळ म्हणायची. जिथे ठोका आणि शब्द जुळत नाहीत तिथे बहुतेक वेळा कवीने मुद्दाम काहीतरी केलेलं असतं. उत्तरात लिहायची ती जागा.

उत्तर लिहिणं. समजा शेक्सपिअरचं १३०वं सुनीत (सॉनेट, चौदा ओळींची कविता) आलं. (केशवसुतांमुळे हा घाट मराठी वाचकाला परका नाही.) ‘कवीने प्रेयसीचं वास्तव वर्णन केलं आहे’ हे वाक्य बरोबर आहे आणि निरुपयोगीही. त्याऐवजी बघायचं असं: बारा ओळी कवी नाकारत जातो. डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठांपेक्षा पोवळं लाल, केस म्हणजे काळ्या तारा. तेराव्या ओळीत ‘अँड येट’ या दोन शब्दांवर सगळं उलटतं. पेत्रार्क या इटालियन कवीच्या सुनीताच्या घाटात हे वळण सहसा आठव्या ओळीनंतर यायचं. इथे ते इतकं उशिरा का? कारण ज्या अतिशयोक्त उपमांची टर उडवायची आहे त्यांची यादी पुरेशी लांबायला हवी. हा झाला मुद्दा. त्याच कवितेत श्वासासाठी ‘रीक्स’ क्रियापद आहे. आजच्या अर्थाने घाण वास येतो, पण त्या काळी ते वाफ किंवा धूर बाहेर पडण्यासाठीही वापरत. असा शब्द दिसला की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्या शतकातला अर्थ बघायचा. गाईडात हे नसतं.

मजकूर फुकट हवा तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे, पण तिथे बहुधा टिपा नसतात. नाटकं आणि जुनी कविता टिपांच्या आवृत्तीतूनच वाचावी, मग ती ग्रंथालयातली जुनी प्रत का असेना. ई-पीजी पाठशाला या सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीची मॉड्यूल्स आहेत, एमएची असली तरी पार्श्वभूमीसाठी चालतात.

सांजवारा

आभार, कामाचं मिळालं. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आत्तापासून डोक्यात ठेवावा का? ‘भारतीय इंग्रजी कादंबरीतील स्त्री’ असं काहीतरी तिच्या मनात आहे.

समास

विषय आत्ता ठरवू नका. ठरवलात तरी हा नको. त्यात निदान पन्नास कादंबऱ्या बसतात, म्हणजे एकही नीट वाचली जात नाही. बहुतेक प्रकल्प इथेच बुडतात: शीर्षक रुंद, मग प्रकरणात कथानकाचा सारांश, शेवटी ‘अशा प्रकारे लेखिकेने स्त्रीचं दुःख मांडलं आहे’.

मराठी मुलीच्या हातात जे आहे ते वापरावं. तुकारामांच्या अभंगांचे इंग्रजी अनुवाद घ्या. फ्रेझर आणि मराठे यांचा १९०९ ते १९१५ दरम्यान तीन खंडांत आला, दिलीप चित्रे यांचा १९९१ मध्ये. दोन्हींत असलेले पाच अभंग निवडायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: शेवटच्या चरणातल्या ‘तुका म्हणे’चं काय केलंय? किंवा यमकाचं काय झालं? किंवा ‘पांडुरंग’, ‘विठोबा’, ‘केशव’ ही नावं तशीच राहिली की एका ‘गॉड’मध्ये विरघळली? मूळ आणि दोन अनुवाद असा तीन रकान्यांचा तक्ता केला की अर्धं प्रकरण समोर दिसतं. मूळ मराठी वाचता न येणाऱ्याला हे काम करताच येणार नाही, आणि तोंडी परीक्षेत ही गोष्ट कामी येते.

संदर्भ देण्याची सवय मात्र पहिल्या वर्षापासून लावा. इंग्रजी विभागांत बहुतेक एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या संस्थेची पद्धत चालते, तिची नववी आवृत्ती २०२१ची. मजकुरात कंसात लेखकाचं आडनाव आणि पान क्रमांक, मध्ये स्वल्पविराम नाही. कवितेला पानाऐवजी ओळ, नाटकाला अंक-प्रवेश-ओळ. शेवटच्या यादीत नोंदीची पहिली ओळ समासाला लागून, पुढच्या ओळी अर्धा इंच आत. मुलं वाचताना पान क्रमांक टिपत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात तेच अवतरण शोधत सगळं पुस्तक पुन्हा उलथतात. वहीत उतारा उतरवतानाच शेजारी आवृत्ती आणि पान लिहायचं.

लघुगुरू

समास यांच्या तक्त्यात चौथा रकाना जोडा: आघात. अभंगाच्या छंदात अक्षरं मोजतात, अनुवादाच्या ओळीत जड अवयव किती ते मोजायचे. पहिल्या वर्षाचा छंदाचा सराव तिथे वसूल होतो.