मदत हवी आहे: निशापूर धर्तीच्या वाडग्यावर काळी अक्षरं पसरतात

मृण्मयी: दहाव्या शतकातल्या, इराणमधल्या निशापूरच्या धर्तीवर वाडगे करतेय. पांढरी स्लिप (पातळ मातीचा लेप), त्यावर काळी कुफी (जुन्या कोनदार अरबी लिपीतली) अक्षरं, वर पारदर्शक ग्लेझ (काचेसारखा थर). भट्टी उघडली की अक्षरं धूसर, उभ्या दांड्यांना तपकिरी ओघळ! तीन भट्ट्या वाया गेल्या. रविवारी परत लावायची आहे. काय चुकतंय?

जुनी_भट्टी: काळा रंग कशाचा? ग्लेझ कुठलं? तापमान किती?

वैशाली_क: माझंही असंच व्हायचं. तयार अंडरग्लेझ (ग्लेझखाली लावायचा रंग) आणलं, प्रश्न मिटला.

जुनी_भट्टी: मग ते निशापूरचं काम उरत नाही, ताई.

नुक्ता: मजकूर काय घेतलाय? अक्षरं अरबी असतात, फारसी नव्हे, आणि सहसा उभे दांडे मध्याकडे वळलेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका मोठ्या वाडग्यावर 'कामाआधी नीट आखणी केलीस तर पस्तावणार नाहीस' अशा अर्थाचं वचन आहे. अक्षरांसारखं काहीतरी गिरवू नका.

मृण्मयी: 'बरका' (अरबीत 'कृपा, आशीर्वाद') लिहिलंय, तो प्रश्नच नाही! मँगनीज ऑक्साइड पाण्यात कालवलंय. बोरॅक्स फ्रिटचं (वितळवून दळलेल्या काचेचं) ग्लेझ, १०५० अंश, लाल माती.

आरोग्यदक्ष: शिशाचं ग्लेझ जेवणाच्या भांड्यांना अजिबात वापरू नका!

मृण्मयी: शिसं नाहीच, बोरॅक्स लिहिलंय.

जुनी_भट्टी: मग चूक सापडली. भट्टीत वितळून पातळ होणाऱ्या ग्लेझखाली नुसता ऑक्साइड वाहतोच. तिकडे शिशाचं ग्लेझ होतं, तेही फार वाहतं, म्हणून ते कुंभार रंग मातीतच कालवत. मेट्रोपॉलिटनने १९३५-४० आणि १९४७ मध्ये निशापूरला उत्खनन केलं, त्यातली भांडी पाहा. तुमच्याच लाल मातीच्या स्लिपमध्ये मँगनीज घाला, सायीइतकी दाट ठेवा. अक्षर बोटाला किंचित उठून लागलं पाहिजे. कालवताना मास्क लावा, मँगनीजची धूळ वाईट.

गर्रूसप्रेमी: गर्रूस पद्धत करा! पांढरी स्लिप खरवडून खालची लाल माती उघडी करायची, कडा हलणारच नाहीत.

नुक्ता: ते वायव्य इराणातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं काम. त्यांना कुफी लेखणीची रेघ हवी आहे.

गर्रूसप्रेमी: रेघ टिकली नाही तर लेखणी काय कामाची? कोरलेली अक्षरंही सुंदर दिसतात.

मृण्मयी: चाचणीची पट्टी भाजली. कड धारदार आली, मनापासून आभार! काळा थोडा चॉकलेटी आलाय, तो चालेल. पण अक्षराच्या जाड टोकाला थर सुटून आलाय, नख लावलं तर निघतो.

जुनी_भट्टी: स्लिप बिस्किटवर (एकदा भाजलेल्या, बिनग्लेझच्या वाडग्यावर) लावली का?

मृण्मयी: हो. पांढरी आणि काळी, दोन्ही.

जुनी_भट्टी: म्हणूनच. बिस्किट आकसून झालेलं असतं, स्लिप नंतर आकसते आणि सुटते. वाडगा ओलसर असताना, नखाने ओरखडा उठेल इतपत, पांढरी लावा. तिचं पाणी ओढलं गेलं की लगेच काळी. तिन्ही एकत्र वाळू द्या.

मृण्मयी: रविवारची भट्टी पुढे ढकलते. नवे वाडगे आजच चाकावर घेते.