छाती ३८, खांदा १४: मुंढ्यात झोळ येतोय, आईची साडी कापायच्या आधी सांगा

सुईदोरा, कोथरूड

दीड वर्षापूर्वी शिवणाचा क्लास केला, तेव्हापासून घरातले कपडे मीच बेतते. लेकीचे फ्रॉक, सासूबाईंचे गाऊन अगदी नीट बसतात. अडतं ते माझ्या स्वतःच्या ड्रेसपाशी.

आईने तिची नारायणपेठ दिली आहे, लाल काठाची, हिरव्या चौकड्यांची. गुडघ्यांमुळे तिला आता साडी झेपत नाही. म्हणाली, "कपाटात ठेवून काय करू, तू अंगावर घाल." म्हणून मला ड्रेस शिवायचाय, वर बसकी चोळी आणि खाली चुण्यांचा घेर. साडी एकदाच कापता येणार, त्यामुळे आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या सुती कापडावर, करून बघतेय. दोनदा झालं, दोन्हीदा तेच.

क्लासमधल्या हिशेबाने बेतलं. मुंढा (बाही जोडायची गोलाई) छातीचा चौथा भाग उणे दीड, म्हणजे ८ इंच. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, म्हणजे सव्वातीनच्या आसपास. पाठ बरी बसते. पुढे मात्र काखेजवळ बोटभर झोळ येतो आणि वाकलं की गळा उघडा पडतो. बाजूने दाबून घेतलं तर छातीवर ताणतं. ओळखीच्या टेलरना दाखवलं, ते म्हणाले गळा लहान करा. केला. गळा लहान झाला, झोळ आहे तिथेच आहे.

कुठून कमी करू? साडीला कातर लावायचा धीर होत नाहीये.

पायमशीन

मांजरपाटाचा तो ड्रेस घालून आरशासमोर उभी राहा आणि मुंढ्यातला झोळ चिमटीत धरून टाचणी लाव. चिमटीचं टोक छातीच्या उंचवट्याकडेच जाईल बघ. तो तुझा राहिलेला टक्स आहे, आकार यायला घ्यायची निमुळती चुणी. जास्तीचं कापड नाहीये ते, त्यामुळे कापून टाकू नकोस.

उरेबपट्टी

पायमशीनताईंचं बरोबर आहे, पण मूळ चूक त्याच्याही आधी आहे. काखेतून टेप घेऊन, छातीच्या उंचवट्याच्या वरच्या बाजूने, घट्ट नाही पण सैलही नाही, असं माप घ्या. ते किती येतं?

सुईदोरा, कोथरूड

३५. नवऱ्याकडून पाठीमागे टेप सरळ धरवून दोनदा घेतलं.

उरेबपट्टी

मग झालंच! तुमचा खांदा, गळा, मुंढा सगळं ३५ चं आहे आणि तुम्ही ते ३८ वरून काढताय. ३५ वरून मुंढा सव्वासात येतो. पाऊण इंचाचा फरक म्हणजे मुंढ्यात फार मोठा झाला. गळाही दोन्हीकडून पाव इंच आत येईल. फॉर्म्युला खोटा नाही, पण तो धरून चालतो की छाती वाढली तशी हाडंही रुंद झाली. बाईचं शरीर तसं वाढत नाही.

म्हणून अख्खा ड्राफ्ट ३५ वर काढा. उरलेले ३ इंच फक्त पुढच्या भागाला हवेत, म्हणजे अर्ध्या भागात दीड. कागदावर छातीच्या उंचवट्याची खूण करा. तिथून एक रेघ सरळ खाली कमरेपर्यंत, एक वर मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे आणि एक बाजूच्या शिवणीकडे. कमरेकडून कापत उंचवट्यापर्यंत या, तिथून मुंढ्याकडे वळा, पण मुंढ्याच्या शिलाईरेषेवर कागदाची दोराभर जागा जोडलेली ठेवा. बाजूची रेघ शिवणीकडून कापत या, उंचवट्यापाशी तशीच दोराभर सोडा. आता उंचवट्यापाशी दीड इंच उघडा आणि खालच्या उभ्या कडा समांतर ठेवा. बाजूला टक्स आपोआप उघडतो. मधला तुकडा खाली आखूड पडेल, त्याला कागद जोडून रेघ सारखी करा. मुंढ्याची लांबी हलत नाही, हीच यातली खुबी. टक्सचं टोक उंचवट्याच्या इंचभर अलीकडे थांबवा, नाहीतर तिथे टोच येते. कमरेला जी रुंदी वाढेल ती खालच्या टक्समध्ये घ्या.

मला हे कळायला चार ड्रेस वाया गेले, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

काठपदर, सदाशिव पेठ

साडीबद्दल थोडं. आधी खिडकीपाशी धरून उजेडात सगळी साडी बघ. पदराच्या खांद्यावर पिनांची भोकं असतात आणि घडीवर सूत विरलेलं असतं, ते भाग चोळीत येऊ देऊ नकोस. फॉलचा काठ टाचेखाली घासलेला असतो. वरचा काठ कमरेत खोचलेला, तो ताजा राहतो. दोन्ही काठ सारखे असतील तर घेराच्या खाली वरचाच लाव. घेर चुण्यांचा ठेवलास ते छान केलंस, कळ्यांचा केला असतास तर खालची कड गोल होते आणि सरळ काठ तिथे बसत नाही. साडेपाच मीटरातले तीन घेराला दे, उरलेल्यात चोळी आणि बाह्या निघतील. अस्तर नवं असेल तर रात्रभर भिजव, साडीचं सूत आटून झालंय, अस्तराचं नाही.

सुईदोरा, कोथरूड

काल रात्री जेवणं उरकल्यावर कागद कापला. मुंढ्यापाशी ती दोराभर जागा पहिल्यांदा तुटली, चिकटपट्टी लावून परत केलं. आज सकाळी मांजरपाट शिवून घातला. हात वर केला, खाली वाकले, लेकीला उचलून घेतलं. झोळ नाही! गळा अंगाला धरून राहतो. डाव्या टक्सचं टोक अजून जरा टोचल्यासारखं दिसतंय, तो अर्धा इंच आखूड करते.

उरेबपट्टीताई, खूप आभार. हा कागद जपून ठेवतेय, कोपऱ्यात ३५ लिहून.

काठपदर, तुमचं ऐकून साडी उजेडात धरली. पदराजवळ एक वीतभर भाग खरंच जाळीसारखा झालाय, तो बाजूला ठेवला. तुळशीबागेतून लाल दोरा आणि चेन आणलीये, अस्तर भिजत घातलंय. आज फॉल उसवते.