मदत हवी आहे: शीतगृहासाठी सोलर आणि जनरेटरच्या जोडीला बॅटरी परवडेल का?

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमचे द्राक्षांचे छोटे पॅकहाउस असून त्याला जोडून प्री-कूलिंग (साठवण्याआधी माल झटपट थंड करण्याची सोय) आणि शीतगृह आहे. छतावर 40 किलोवॅटचे सोलर आणि आवारात 125 केव्हीएचा (सुमारे 100 किलोवॅटचा) डिझेल जनरेटर आहे. हंगामात, म्हणजे जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या साधारण 100 दिवसांत, दुपारी दोन तास आणि रात्री पाच तास वीज नसते. निर्यातीच्या मालाचे तापमान एकदा खाली आणल्यावर ते पुन्हा चढले, तर घडांवर पाणी सुटते आणि बुरशीची भीती निर्माण होते, त्यामुळे जनरेटर लावण्यावाचून गत्यंतर नसते.

गेल्या हंगामात मी डिझेलची रोज नोंद ठेवली. दुपारी 55 किलोवॅटचा भार जनरेटर एकटाच उचलतो तेव्हा तासाला सोळा-सतरा लिटर डिझेल लागते, म्हणजे लिटरमागे सुमारे 3.3 युनिट मिळतात. रात्री माल फक्त थंड राखायचा असल्याने भार 12 किलोवॅटवर येतो, तरी तासाला 7 लिटर जळतात. डिझेल 90 रुपये लिटर धरल्यास दुपारचे युनिट 27 रुपयांना आणि रात्रीचे 53 रुपयांना पडते. शिवाय इतक्या कमी भारावर इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते, हे दुरुस्तीच्या वेळी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुपारी सोलर सोबत असूनही अपेक्षित बचत होत नाही. जनरेटरवर किमान 30 टक्के भार ठेवावा लागत असल्याने कंट्रोलर सोलरला 25 किलोवॅटवर रोखतो. तासाला 25 युनिट सोलरचे मिळतात, पण डिझेल वाचते जेमतेम साडेपाच लिटर.

एका पुरवठादाराने 75 युनिट क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 20 किलोवॅटच्या इन्व्हर्टरसह 15 लाखांना देऊ केली आहे. रात्रीची 60 युनिट गरज ती भागवेल. परंतु वर्षातील 100 दिवसच वापर धरला, तर दहा वर्षांत 60,000 युनिट, म्हणजे व्याज न धरताही युनिटमागे 25 रुपये होतात, आणि भरण्याच्या विजेचा खर्च वेगळा. रात्रीसाठी 25 केव्हीएचा वेगळा जनरेटर घेतला, तर तो 60 टक्के भारावर चालून युनिट 30 रुपयांच्या आसपास देईल आणि त्याची किंमत बॅटरीपेक्षा पुष्कळ कमी असेल. मग बॅटरी कोणत्या आधारावर घ्यावी? ज्यांनी शीतगृहावर बॅटरी बसवली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद

आपले गणित बरोबर आहे, पण त्यात बॅटरी दिवसातून एकदाच वापरली जाईल असे धरले आहे. दुपारी सोलरचे 30 किलोवॅट मिळत असतील, तर उरलेले 25 किलोवॅट दोन तास बॅटरीने द्यावेत आणि रात्रीची वीज जाण्याआधी ती पुन्हा भरून घ्यावी. रोज 110 युनिट म्हणजे दहा वर्षांत 1,10,000 युनिट होतात आणि बॅटरीचा खर्च युनिटमागे 14 रुपयांच्या खाली येतो. दुपारी जनरेटर बंद राहिल्याने 30 टक्क्यांची अटही उरत नाही.

मात्र 20 किलोवॅटचा इन्व्हर्टर यासाठी पुरणार नाही. वीज नसताना स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी उभी करणारा, सोलर ढगाआड गेले तरी पूर्ण 55 किलोवॅट पेलणारा इन्व्हर्टर मागावा आणि वाढीव किंमत धरून हिशोब पुन्हा मांडावा. कॉम्प्रेसर थेट स्टार्टरवर असेल तर सुरू होताना सहा-सात पट करंट घेतो, म्हणून आधी त्याला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारे उपकरण) बसवावा. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. निम्म्या चार्जवर, पत्र्याच्या शेडपेक्षा थंड जागेत ठेवावी, कारण आपल्या वापरात ती चार्जिंगच्या फेऱ्यांपेक्षा वयाने आणि उन्हाळ्याने जास्त झिजेल.

आपल्या कॉम्प्रेसरचा स्टार्टर कोणता आहे आणि दुपारनंतर वीज किती वाजता परत येते, हे कळवल्यास इन्व्हर्टरचा आकार नेमका सांगता येईल.