गावाकडे लॅपटॉपसाठी मोबाइल इंटरनेट: तुम्ही सिम कसे निवडले?

आडवाटेकर
गणपतीच्या आधी माळा झाडताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात लॅपटॉपला खोचून इंटरनेट मिळवायचे एक पांढरे डोंगल सापडले आणि २०११ सालचा मे महिना आठवला. मुद्रितशोधनाचे काम घेऊन मी तेव्हा संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी तीन महिने राहिलो होतो. पुण्यातल्या दुकानदाराने हे सीडीएमए (त्या काळचे एक मोबाइल तंत्रज्ञान) डोंगल देताना ३.१ एमबीपीएस वेग सांगितला होता, आणि पुण्यापुरते ते अगदीच खोटे नव्हते. गावी मात्र लॅपटॉपच्या पडद्यावर ‘वन-एक्स’ अशी अक्षरे उमटली. वेगवान सेवा आमच्या वाडीपर्यंत पोहोचलीच नव्हती. मिळत होती ती १४४ केबीपीएसची जुनी सेवा, म्हणजे दहा एमबीची फाइल उतरवायला सगळे सुरळीत असले तरी नऊ-दहा मिनिटे. नंबर डोंगलमध्येच भरलेला असल्याने सिम बदलून पाहण्याचीही सोय नव्हती. शेवटी वडिलांचा साधा फोन केबलने लॅपटॉपला जोडून मी काम निभावले. त्याचाही वेग बेताचाच होता, पण त्या कंपनीचा टॉवर समोरच्या डोंगरावर असल्यामुळे जोडणी तुटत नसे.

येत्या हिवाळ्यात पुन्हा तिकडे मुक्काम करायचा आहे. एक सिम घेऊनही ठेवले आहे, पण या वेळी आधी विचारलेले बरे. तुम्ही निवड कशी केलीत, कुठे फसलात, हे सविस्तर लिहावे.

पडवीतली
आमच्याकडे डोंगल पडवीच्या वाशाला सुतळीने टांगलेले असे आणि खाली कुणी जोरात दार लावले तर सासूबाई म्हणत, “हळू, इंटरनेट पडेल.” ते खरोखरच पडत असे.

सातबारा
माझा सल्ला साधा आहे: ज्याचे पोट रेंजवर चालते त्याला विचारावे. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र बऱ्याच ठिकाणी सिमवरच चालते. त्यात कोणत्या कंपनीचे सिम घातले आहे आणि महिन्यातून किती वेळा यंत्र उचलून रस्त्यापलीकडे न्यावे लागते, हे दुकानदाराला तोंडपाठ असते. शहरातल्या दुकानात मिळणारा नकाशा संपूर्ण तालुका एकाच रंगात रंगवतो. आमच्या खोऱ्यात ओढ्याच्या अलीकडे एक कंपनी चालते आणि पलीकडे दुसरी.

दापोलीहून
मी २०२० च्या टाळेबंदीत गावी अडकलो, तेव्हा नोकरी टिकवण्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेतली आणि आपण फार दूरदृष्टीचे आहोत असे मानून चाललो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि दोन्ही सिम एकदमच गेली. नंतर उमगले की दोन्ही कंपन्यांची यंत्रे एकाच भाड्याच्या टॉवरवर बसवलेली होती. कंपन्या दोन असल्या तरी खांब एक, बॅटरी एक आणि वीजही एकच. बागेतली कलमे आडवी झाली होती, त्यापुढे इंटरनेटचे दुःख सांगायला तोंड नव्हते. तरीही रोज दुचाकीवरून रेंज मिळेल तिथवर जाऊन कार्यालयाला कळवावे लागत होते. आता दुसरे सिम घेताना मी मुद्दाम दुसऱ्या डोंगरावरच्या टॉवरचे घेतले आहे. त्याचा वेग कमी आहे, पण पहिले बंद पडते तेव्हा ते चालू असते, आणि त्याच्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.

दुसरी गोष्ट अपलोडची. व्हिडिओ व्यवस्थित दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. टॉवर मोठ्या ताकदीने पाठवतो, पण आपल्या फोनची पाठवण्याची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॉट असते. त्यामुळे टॉवर लांब असला की बैठकीत आपल्याला सर्वांचे ऐकू येते आणि आपला आवाज मात्र कुणापर्यंत पोहोचत नाही. घरच्या माणसांना ही अवस्था परिचयाची असते, साहेबांना नसते.

मुंबईचे सिम
पूर्वी मुंबई हे वेगळे सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा हे वेगळे, हे न समजल्यामुळे मी पेणच्या पुढे रोमिंगमध्ये गेलो आणि शिल्लक संपली. आता देशात रोमिंगचे पैसे लागत नाहीत, पण जुन्या जखमेमुळे पेण आले की हात अजूनही डेटा बंद करायला जातो.

तारेवरची
आडवाटेकर, सिम निवडण्याइतकेच ते कुठे ठेवता याला महत्त्व आहे. आमच्या घरावर पत्रा आहे. आत फोनवर उणे ११५ डीबीएम दिसत असे आणि अंगणात उणे ९२. (हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका सिग्नल चांगला, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सिमच्या माहितीत तो सापडतो. रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नये.) मी प्रथम बाहेर अँटेना लावून पंधरा मीटरची केबल आत आणली, तेव्हा मिळालेला सिग्नल केबलनेच खाल्ला. मग सिमचा राउटरच पावसापासून आडोसा करून पोटमाळ्याच्या खिडकीबाहेर ठेवला आणि तिथून लॅपटॉपपर्यंत लॅनची तार ओढली. या तारेला शंभर मीटरपर्यंत अडचण येत नाही. राउटर खरेदी करताना तो सर्व कंपन्यांची सिम घेतो की एकाच कंपनीला बांधलेला आहे, हे आधी विचारून घ्यावे.

गोठ्यावरचा
मी गोठ्याच्या छपरावर बसून मुलाखत दिली आहे. “पाठीमागे कसला आवाज येतो?” असे विचारल्यावर सहकारी आहेत असे सांगितले. नोकरी मिळाली, म्हैस मात्र त्या दिवसापासून माझ्याशी नीट वागत नाही.

सातबारा
गोठ्यावरचा, मुलाखतीच्या वेळी सिम कोणते होते तेवढे सांगा, म्हशीशी आम्ही बोलून घेऊ.

शाळेची माय
रोज दीड जीबी मिळते म्हणून मी निश्चिंत होते आणि सकाळी नऊ वाजताच डेटा संपल्याचा संदेश येत होता. मुलावर उगाच रागावले. तो खेळ खेळत असेल असे वाटले. प्रत्यक्षात लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला की विंडोज मुकाट्याने अपडेट उतरवून घेत होते. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीपुढे ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे डेटा मोजून वापरायची जोडणी) चालू केल्यावर बरेचसे थांबले. लॅपटॉपसाठी योजना घेताना रोजच्या मर्यादेची न घेता, महिन्याचा डेटा हवा तसा वापरता येईल अशी मिळाली तर पाहावी, कारण कामाचा दिवस आणि रिकामा दिवस सारखे नसतात. मुलाला दुसऱ्या दिवशी शिरा करून घातला.

खोऱ्यातला
सर्वांनी टॉवर आणि सिमविषयी लिहिले, पण वेळेविषयी कुणीच लिहिले नाही. आमच्या गावी सकाळी सहा वाजता माझ्या सिमवर २५ एमबीपीएस मिळतात आणि रात्री साडेआठला दोनसुद्धा मिळत नाहीत, कारण अख्खे गाव जेवून एकाच टॉवरवर येऊन बसते. म्हणून नंबर पोर्ट करण्याची, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची, घाई करू नये. एकदा कंपनी बदलली की तीन महिने पुन्हा हलता येत नाही. शेजाऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट दोन रात्री मागून घ्यावा, आपण ज्या खोलीत आणि ज्या वेळी काम करणार त्याच खोलीत, त्याच वेळी लॅपटॉप लावावा, आणि वीज गेल्यावर टॉवर किती वेळ तग धरतो तेही पाहावे. आमचा दोन तास धरतो. त्यानंतर आम्ही पत्ते काढतो.

आडवाटेकर
सर्वांचे आभार. सातबारांचे वाचून लगेच गावी फोन लावला. रेशन दुकानदार हसला. मी घेतलेल्या सिमवर त्याचे यंत्र पावसाळ्यात एकदाही धड चालले नव्हते. दुसऱ्या कंपनीचे चुलतभावाकडे आहे. गणपतीत घर भरलेले असताना रात्री साडेआठला त्याचाच हॉटस्पॉट लावून बघतो. पडवीताई, सुतळी सोबत नेतो आहे.