मदत हवी आहे: लॅपटॉपला नवी एसएसडी दिसत नाही
माझ्या लॅपटॉपमधील रिकाम्या एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारखी ड्राइव्ह बसवण्याच्या खाचेत) मी ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारी साठवण ड्राइव्ह) बसवली आहे. परंतु ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तर नाहीच, बायोसमध्येही (लॅपटॉप सुरू होताना हार्डवेअर तपासणाऱ्या मूळ प्रणालीत) दिसत नाही, त्यामुळे फक्त फॉरमॅट करायचे राहिले असावे ही शक्यता मी बाजूला ठेवली आहे. यूएसबी एन्क्लोजरमधून (ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या डबीतून) जोडल्यास तीच एसएसडी व्यवस्थित चालते. काही एम.२ स्लॉट केवळ साटा या जुन्या जोडणी पद्धतीच्याच ड्राइव्ह ओळखतात असे वाचले. दुकानदार मात्र ‘बसली म्हणजे चालणारच’ यावर ठाम आहे! माहितीपुस्तिकेत उल्लेख नसताना स्लॉट साटाचा आहे की पीसीआयईचा, हे कसे ओळखावे? शिवाय बायोसमधील एखाद्या सेटिंगमुळे स्लॉट बंद राहत असेल, तर ती कुठे शोधावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.